सूर्याचा तक्ता

ऑगस्टमध्ये वर्गाची घडी बसवायची
म्हणजे आधी खुंट्या.
अठरा खुंट्या, अठरा नावं,
आणि नाव अजून सगळ्यांना वाचता येत नाही
म्हणून नावाखाली चित्र:
यूरुनचा खेकडा,
ब्रेदेची कुऱ्हाड, हट्टानं मागून घेतलेली.
आस्लाकला काहीच नको होतं.
त्याला मी नुसता एक काळा ठिपका काढून दिला.

मग कपडे, कुठल्यावर कुठला.
लोकरी मोजे, जाड विजार, बूट,
हातमोजे सगळ्यांत शेवटी,
कारण हातमोज्यांनी चेन लागत नाही
हे सांगून कळत नाही, अडकूनच कळतं.
सप्टेंबरात बाहेर पडायला एकवीस मिनिटं,
खेळायला नऊ.
ऑक्टोबरअखेर अकरावर आलो
तेव्हा कुणाला सांगू नि कुणाला नको असं झालं मला.

कामंही वाटून दिली.
पेन्सिलींना टोक, कुंडीला पाणी,
रांगेत शेवटचा, तो दार ओढून घेणार.
आणि अकरा वाजता खिडकीशी उभं राहून
तक्त्यावर लिहायचं:
आज सूर्य दिसला का?
हे काम सगळ्यांना हवं होतं.
स्टुलावर चढायला मिळायचं ना!
आस्लाकच्या आठवड्यात नेमकं धुकं होतं.

नोव्हेंबर संपता संपता
सूर्य वारांगरच्या पाण्याखाली गेला,
दरवर्षीसारखा, थेट जानेवारीपर्यंत.
"रोज नाहीच लिहायचं," ब्रेदे म्हणाला,
"मग बघायचं कशाला?"
माझ्याकडे उत्तर नव्हतं.
तीस वर्षं पहिलीला शिकवतेय,
डिसेंबरात तक्ता गुंडाळूनच ठेवत आले.

आस्लाकनं हात वर केला नाही.
तो उठला आणि स्टूल ओढत खिडकीशी घेऊन गेला.

मग रोज अकराला
बाहेर निळं, किंवा नुसतंच काळं,
धक्क्यावरचे दिवे, बर्फात पालथ्या घातलेल्या होड्या,
आणि हा काचेला कपाळ टेकून
पूर्ण एक मिनिट बघणार.
आमच्या भाषेत 'नाही'ला तीन अक्षरं लागतात.
पहिलं आधी उलटं पडायचं, आरशातल्यासारखं.
नाताळापर्यंत सरळ झालं.
तिसऱ्याच्या डोक्यावरचा ठिपका
तो फार जपून द्यायचा.

कॅलेंडरात सूर्य परत यायचा दिवस उजाडला
तेव्हा बर्फ पडत होता.
हेडमास्तर हालगेइर पिवळ्या मलईचे गोल पाव घेऊन आले,
मुकुट घातले, उलटे आकडे मोजले,
आम्ही ढगांसाठी टाळ्या वाजवल्या.
"ढगामागे आहे म्हणजे आलाच की!" हालगेइर म्हणाले.
आस्लाकनं मिनिटभर बघितलं.
तीन अक्षरं लिहिली.
पावाला हात लावला नाही.
"'दिसला का' असं लिहिलंय," तो मला म्हणाला,
"'आला का' असं नाही."
लिहिलं मीच होतं.

पाव त्याच्या खुंटीवरच्या फळीवर राहिला, ठिपक्याखाली.
खाणं वर्गात रात्रभर ठेवायचं नाही,
हा नियमही माझाच.
चार दिवस मी त्या फळीकडे बघितलं नाही.

पाचव्या दिवशी आम्ही वजाबाकीत होतो.
अकरा वाजून दोन-तीन मिनिटं.
समुद्राच्या काठावर एक तांबडी चीर,
मग भिंतीवर, मग यूरुनच्या कानावर.
तो ओरडला नाही.
स्टुलावरूनच वळून त्यानं विचारलं,
"टोरिल, 'हो' कसं लिहायचं?"

मी सांगेपर्यंत सगळे खिडकीशी,
कुठली रांग, कुठलं काय,
ब्रेदे तर एका पायात बूट घालून.
दोनच अक्षरं. दुसरं जरा लडबडलं.
मग आस्लाक खाली उतरला,
फळीवरचा पाव घेतला
आणि टोस्टसारखा कुडुमकुडुम चावत
आहे तिथेच उभ्यानं संपवला.

"उद्या कुणाची पाळी?" ब्रेदेनं विचारलं.
लगेच सतरा हात वर.
स्टुलाखाली चुरा पडला होता.
या आठवड्यात झाडू कुणाकडे आहे
ते बघायला मी तक्त्यापाशी गेले
आणि थोडा वेळ तिथंच, उजेडात, उभी राहिले.